पुणे, कोलकाता की थेट मुंबई? कोकणातून सिनेमा शिकायला निघताना

पदवी हातात आली आणि सिनेमाच शिकायचा हे नक्की झालं, की रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या मुलामुलींसमोर चार वाटा असतात. पुण्याची फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट (एफटीआयआय), कोलकात्याची सत्यजित राय यांच्या नावाची इन्स्टिट्यूट (एसआरएफटीआय), मुंबईतली एखादी खासगी संस्था, नाहीतर शिक्षणाचा नाद सोडून मुंबईत थेट सेटवर असिस्टंट. घरी चर्चा होते ती बहुधा अंतराची: मुंबईत आपली माणसं आहेत, पुणं जवळ, कोलकाता फार लांब. पण अंतर हा यातला सर्वात कमी महत्त्वाचा मुद्दा आहे. नेमकं कोणतं काम शिकायचंय, किती वर्षं घरी पैसे न पाठवता राहता येईल आणि या धंद्यात आपल्या ओळखीचं कोणी आहे का, या तीन प्रश्नांवर निर्णय घ्यावा.

मत आधीच सांगून टाकतो. ओळखपाळख काही नसेल आणि तीन वर्षं काढता येणार असतील, तर सरकारी संस्थेसाठी निदान दोनदा प्रयत्न करावा. खासगी संस्थेसाठी कलमांची बाग गहाण टाकू नये.

पुणे आणि कोलकाता

दोन्ही संस्था केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या. एफटीआयआय 1960 मध्ये प्रभात कंपनीच्या जुन्या स्टुडिओच्या आवारात सुरू झाली, एसआरएफटीआय 1995 मध्ये. दिग्दर्शन, छायांकन, संकलन आणि ध्वनी हे तीन वर्षांचे अभ्यासक्रम दोन्हीकडे आहेत आणि एका शाखेत जागा साधारण दहा-बारा. फरक पुढे आहे. कलादिग्दर्शन किंवा अभिनय हवा असेल तर पुणे, निर्मिती किंवा अॅनिमेशन हवं असेल तर कोलकाता. पुण्यात टेलिव्हिजन विभागाचे एक वर्षाचे अभ्यासक्रमही आहेत. तीन वर्षं परवडत नसतील त्यांनी ते जरूर पाहावेत. कोकणातून अर्ज करणाऱ्यांना ते बहुतेकदा माहीतच नसतात.

पुण्याची जमेची बाजू म्हणजे आजूबाजूचं वातावरण. 1964 साली स्थापन झालेलं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय लॉ कॉलेज रोडवर अगदी शेजारी, जानेवारीत शहरात आंतरराष्ट्रीय महोत्सव, आणि मुंबई तीन-चार तासांवर. पुढे काम मुंबईतच करायचं असेल तर शिकत असतानाच जाणं-येणं, भेटीगाठी होतात. कोलकात्याला ते जमत नाही. उलट तिथे आवार आणि वर्गमित्र हेच तुमचं जग बनतं, आणि ज्याला घरच्या फोनांपासून, गावच्या कार्यक्रमांपासून थोडं लांब राहून काम करायचंय त्याला ते मानवतं. मराठी कुठेच कानावर पडत नाही, हे मात्र पहिल्या सहा महिन्यांत जड जातं.

पात्रतेच्या अटी शाखेनुसार बदलतात. ध्वनीसाठी बारावीला भौतिकशास्त्र लागत आलं आहे. कलादिग्दर्शनासाठी उपयोजित कला, वास्तुकला, चित्रकला अशा विषयांतली पदवी. बाकी शाखांना कोणतीही पदवी चालते, बीए मराठी असो की बीएस्सी. रंगांधळेपणामुळे आपण बाद, असं समजून कोणी थांबला असेल तर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एफटीआयआयच्या बाबतीत ती आडकाठी दूर केली आहे.

प्रवेश परीक्षेचं नाव आणि रचना वरचेवर बदलत असते. 2018 पासून काही वर्षं दोन्ही संस्थांची परीक्षा एकत्र होती. त्यामुळे त्या-त्या वर्षीची माहितीपुस्तिका अथपासून इतिपर्यंत वाचा, मागच्या वर्षीच्या विद्यार्थ्याच्या आठवणीवर विसंबू नका. गाभा मात्र तोच राहतो: एक भाग सामान्य जाणिवेचा, एक भाग शाखेचा, त्यातून निवडलेल्यांना मुलाखतीसाठी बोलावणं. पेपर हिंदी-इंग्रजीत असतो. मराठी माध्यमातल्यांनी रोज एक पान हिंदीत लिहायचा सराव तीन महिने आधीपासून ठेवावा. विषय साधे घ्यावेत: एका खोलीतली दोन माणसं, एक वस्तू, एक आवाज. वेळ वीस मिनिटं.

आपली मुलं मार खातात ती पाठांतराच्या सवयीने. पुरस्कारांच्या याद्या, दिग्दर्शकांच्या जन्मतारखा घोकून येतात आणि "तुझ्या गावात काय घडतं?" या प्रश्नाला "निसर्गरम्य कोकण" असं उत्तर देतात. हे उत्तर कुठल्याही पर्यटन पत्रकात मिळतं. मुलाखत घेणाऱ्याला तुम्ही स्वतः काय पाहिलंत ते हवं असतं. सिंधुदुर्गातला मुलगा दशावतार लहानपणापासून बघत आलेला असतो. देवळासमोर एक साधा बाक ठेवलेला असतो. राजा बसला की तो सिंहासन, आणि थोड्या वेळाने तोच बाक रथ किंवा डोंगर. संवाद लिहिलेले नसतात, नट जागच्या जागी रचतो. प्रेक्षकाच्या मनात जागा कशी तयार होते, हा छायांकनाचा आणि कलादिग्दर्शनाचा पहिला धडा तिथे आहे. तसंच रापणीचं, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढून होणाऱ्या मासेमारीचं. होडी अर्धगोल जाळं टाकून येते, दोन टोकांना माणसांच्या दोन फळ्या दोर ओढायला लागतात, मग मासळीचे वाटे पडतात. कोणाला किती वाटा, कोण बाजूला उभं राहतं, पर्ससीनवाल्यांचा (मोठ्या जाळ्यांच्या यांत्रिक बोटींचा) विषय निघाला की आवाज कसे चढतात, हे ज्याने पाहिलंय त्याच्याकडे एक पूर्ण प्रसंग आहे. ते नीट सांगता यायला हवं, एवढीच तयारी.

सिनेमे बघायचे कुठे? सावंतवाडी-कुडाळकरांना नोव्हेंबरात गोव्याचा इफ्फी (भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव) हाताशी आहे. 2004 पासून तो पणजीत भरतो, आणि दिवसाला तीन-चार चित्रपट पाहता येतात. मुंबई-पुण्याच्या विद्यार्थ्याला त्यासाठी लॉज शोधावा लागतो, तुम्ही बांद्याहून सकाळच्या गाडीने जाऊन रात्री परत येऊ शकता.

कागदपत्रं: इथेच जागा जाते

केंद्रीय संस्थेला केंद्राच्या नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं. कुणबी, भंडारी अशा जातींच्या उमेदवारांनी राज्याच्या नोकरभरतीसाठी काढलेलं नॉन-क्रिमीलेअर पुढे केलं तर ते चालत नाही. सेतूत अर्ज देतानाच "केंद्र शासनाच्या नमुन्यात" असं स्पष्ट सांगा. राज्याचं एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) आरक्षण केंद्रीय संस्थेत लागू नाही. त्या उमेदवारांनी ईडब्ल्यूएसचं (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) केंद्रीय प्रमाणपत्र बघावं. त्याची उत्पन्नमर्यादा वर्षाला 8 लाखांच्या आत, आणि कुटुंबाची शेतजमीन 5 एकरांच्या आत. इथे कोकणी घरांची अडचण होते. सातबारा सामाईक, त्यावर आजोबांपासूनची पंधरा नावं, आणि त्यात कातळ-वरकस (खडकाळ, हलकी) जमीनसुद्धा धरलेली. आपल्या कुटुंबाचा प्रत्यक्ष हिस्सा किती, याची फोड तलाठ्याकडून आधी करून घ्या. हे प्रमाणपत्र आर्थिक वर्षाला बांधलेलं असतं, मार्चमध्ये काढलेलं जूनमध्ये जुनं झालेलं असू शकतं. मुंबई विद्यापीठाचं स्थलांतर प्रमाणपत्रही वेळ घेतं. अर्ज भरल्या दिवशीच त्याच्या मागे लागा.

अर्ज शेवटच्या दिवसावर ठेवू नका. पावसाळ्यात वीज आणि नेटवर्क एकदमच जातं.

मुंबईतली खासगी संस्था

गोरेगावच्या फिल्मसिटीतली व्हिसलिंग वुड्स (सुभाष घई यांनी 2006 मध्ये सुरू केलेली) हे यातलं सर्वात ठळक नाव. शिवाय एक वर्षाच्या पदविका देणाऱ्या बऱ्याच संस्था आहेत. यंत्रसामग्री चांगली असते, प्रवेश तुलनेने सोपा, आणि चित्रीकरण चालतं त्याच भागात राहून शिकता येतं. प्रश्न पैशाचा आहे, आणि तो मोठा आहे.

सरकारी संस्थेत फी वर्षाला लाखाच्या आसपास किंवा थोडी वर, वसतिगृह आवारात. जेवणखाण धरून तीन वर्षांना सहा-सात लाखांची तयारी ठेवावी. दोन वर्षांच्या मोठ्या खासगी अभ्यासक्रमाची नुसती फीच दहा लाखांपलीकडे जाते, वर मुंबईचं भाडं. आता हप्त्याचा हिशेब करा. साडेदहा टक्के व्याजाने दहा वर्षांसाठी 7 लाखांचा हप्ता महिना साडेनऊ हजारांच्या घरात येतो, 15 लाखांचा वीस हजारांच्या वर. नवख्या असिस्टंटला वीस हजारांचा हप्ता झेपत नाही. मग तो सिनेमा सोडून लग्नाच्या व्हिडिओंकडे वळतो, आणि हे दुःख टाळता येण्यासारखं आहे. शिवाय साडेसात लाखांपर्यंत बँक साधारण तारण मागत नाही, त्यापुढे मागते. सामाईक सातबारावर कर्ज काढायचं तर मुंबई-सुरतला पांगलेल्या सगळ्या सहहिस्सेदारांच्या सह्या लागतात, आणि त्या मिळेपर्यंत प्रवेशाची मुदत टळते.

खासगी संस्था घ्यायचीच असेल तर तीन गोष्टी जाऊन विचारा. प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतःच्या नावाचे किती चित्रीकरण-दिवस मिळतात? शिक्षकांपैकी किती जण आज काम करतायत? मागच्या दोन वर्षांतल्या पाच माजी विद्यार्थ्यांशी बोलता येईल का? तिसऱ्या प्रश्नाला टाळाटाळ झाली तर परत या.

थेट सेटवर

ही वाट स्वस्त वाटते, पण तिलाही भांडवल लागतं. मालिकांचं काम गोरेगाव, मढ, मीरा रोड, नायगाव, ठाण्याच्या घोडबंदर रोड पट्ट्यात. पाळी बारा तासांची. सुरुवातीला कंटिन्युइटीच्या नोंदी (एका शॉटमधलं दुसऱ्यात जुळतंय ना, याच्या), क्लॅप, कलाकारांना कॉल टाइम म्हणजे सेटवर यायची वेळ कळवणं, कपड्यांचा हिशेब. हे काम हलकं समजू नका. कंटिन्युइटी नीट करणाऱ्याला संकलन आपोआप कळू लागतं. पण टीव्हीत केलेल्या कामाचे पैसे नव्वद दिवसांनी देण्याची पद्धत आहे. म्हणजे जूनच्या कामाचे पैसे सप्टेंबर-ऑक्टोबरात. त्यामुळे निघताना हातात चार महिन्यांची सोय हवी. समजा अंधेरीत खाटेचं भाडं 10,000: चार महिन्यांचे 40,000, अनामत 20,000, जेवण-प्रवास महिना 8,000 प्रमाणे 32,000. लाखाला थोडेच कमी. बोलणं झालेलं मानधन व्हॉट्सअॅपवर का होईना, पण लेखी घ्या.

सेटवर काम कसं चालतं ते शिकता येतं, का चालतं ते सांगायला कोणाला वेळ नसतो. दिग्दर्शन, छायांकन आणि ध्वनीत ही उणीव जास्त जाणवते. निर्मिती-व्यवस्थापनाकडे कल असेल तर मात्र संस्थेत तीन वर्षं घालवण्यापेक्षा सेट बरा. पहिल्या प्रयत्नात सरकारी संस्थेत झालं नाही, तर मधलं वर्ष इथे काढणं हा सर्वात चांगला उपयोग आहे. दुसऱ्या मुलाखतीत त्याचा फरक दिसतो.

राहायचं कुठे

पुणे-कोलकात्यात वसतिगृह मिळाल्यावर हा प्रश्न फारसा उरत नाही. पुण्यात बाहेर राहायची वेळ आली तर एरंडवणे-कोथरूडला कॉट बेसिसवर पाच ते आठ हजारांत जागा मिळते.

मुंबईत बहुतेक जण आधी मामा-काकांकडे उतरतात. त्यात नालासोपारा-विरार असेल तर गोरेगावला एकच लोकल. दिवा-डोंबिवली असेल तर दादरला गाडी बदलून रोज येऊन-जाऊन तीन-साडेतीन तास, आणि रात्री नऊच्या पॅकअपनंतर फिल्मसिटीतून स्टेशन गाठायचं. महिनाभर निभतं, वर्षभर नाही. शिवाय एका खोलीत सहा माणसं असताना रात्री दोनला दार वाजवणारा पाहुणा कोणालाच नको असतो, कितीही माया असली तरी. नातेवाइकांकडे एक महिना, मग कामाच्या पट्ट्यात वाटून घेतलेली खोली, हे घरी आधीच बोलून ठेवा. लालबाग-परळ भागात अजूनही काही गावमंडळांच्या खोल्या आहेत, गावातल्या मुंबईकरांकडे चौकशी करून बघा. मुलींनी काम ठरवतानाच रात्रीच्या पाळीनंतर गाडीने सोडणार का, हे विचारावं. विचारण्यात काही गैर नाही, नीट चालणाऱ्या निर्मितीसंस्था सोडतातच.

कॅमेरा घेऊ का?

प्रवेशासाठी नको. फोनवर केलेली तीन मिनिटांची फिल्म पुरते, मात्र आवाज वेगळा घ्या. किनाऱ्यावर वारा माइकवर आदळला की सगळं वाया जातं, म्हणून साध्या रेकॉर्डरवर केसाळ वाराकव्हर चढवा आणि माइक वाऱ्याकडे पाठ करून धरा. घरात आधीच कॅमेरा असेल तर आपल्या दमट हवेत लेन्सवर एका पावसाळ्यात बुरशी धरते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल, सोबत दोनशे-तीनशे रुपयांचा आर्द्रतामापक, आणि काटा 40 ते 50 टक्क्यांच्या दरम्यान. जेलचा रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर तापवून पुन्हा वापरा. लेन्स चामड्याच्या पिशवीत ठेवू नका, चामडं ओल धरतं.

मुलाखतीला जाताना

मुलाखत पावसाळ्यात आली तर प्रवासाला एक दिवस जादा ठेवा. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत कोकण रेल्वे पावसाळी वेळापत्रकाने, कमी वेगाने धावते. पुण्याला रत्नागिरीहून आंबा घाट-कोल्हापूरमार्गे, चिपळूणहून कुंभार्लीमार्गे जाता येतं. दरड पडली तर मुंबईमार्गे रेल्वेने जाणं लांब पण भरवशाचं. वरंधा घाटाच्या भरवशावर पावसात राहू नका. कोलकात्यासाठी मुंबईहून किंवा पुण्याहून हावड्याच्या बहुतेक गाड्या तीस तासांच्या वर घेतात, कोकणातला टप्पा धरून दोन रात्री मोडतात. आरक्षण 60 दिवस आधी उघडतं आणि मुलाखतीची तारीख त्यानंतर कळते. म्हणून निकालाच्या अंदाजाने आधीच तिकीट काढून ठेवा. लागलं नाही तर रद्द करताना जे कापलं जाईल ते सोसण्याजोगं असतं.