ग्रानादात राहायचं कुठे: सेन्योराच्या घरी की पिसोत?

स्पेनमधल्या ग्रानादा विद्यापीठात प्रवेश पक्का झाला की घरचे पहिलं विचारतात, राहणार कुठे? पर्याय मुख्यतः दोन. एखाद्या स्पॅनिश कुटुंबात, सेन्योराकडे म्हणजे घरमालकीणबाईंकडे, पैसे भरून राहायचं, किंवा तिघा-चौघांत पिसो, म्हणजे फ्लॅट, घ्यायचा. मी पहिले तीन महिने एका आजींकडे राहिले आणि उरलेलं वर्ष पिसोत काढलं.

आधी जेवणाच्या वेळा, कारण दिवसाचं सगळं गणित त्यावर चालतं. दुपारचं जेवण अडीच-तीनला, रात्रीचं साडेनऊ-दहाला. स्पेननं १९४० साली घड्याळं मध्य युरोपच्या वेळेला जुळवली, ती आजही तशीच आहेत. ग्रानादात उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर येतो तोच दुपारी दोननंतर, त्यामुळे सूर्याच्या हिशेबानं त्यांचं जेवण तितकं उशिराचं नसतंच. कुटुंबात ही वेळ पाळावी लागते. तासिका लांबली तर आजींना आधी कळवायचं. पिसोत तुम्ही साडेआठला वरणभात लावलात तर कुणी अडवत नाही, पण त्या वेळी टेबलावर तुम्ही एकटेच असता.

कुटुंबाचं खरं मोल जेवणानंतर कळतं. ताट संपलं म्हणून उठायचं नाही. कॉफी येते, संत्री सोलली जातात, बोलणं तासभर चालतं. याला सोब्रेमेसा म्हणतात. आपल्याकडे हात वाळेपर्यंत गप्पा रंगतात, तेच हे. हिवाळ्यात त्या गोल टेबलाला जमिनीपर्यंत जाड कापड असतं आणि खाली ब्रासेरो, म्हणजे छोटी शेगडी, आता बहुतेक विजेची. ग्रानादाची जुनी घरं आतून फार गार असतात, म्हणून सगळे पाय त्या कापडाखाली घालून बसतात. माझं स्पॅनिश तिथे सुधारलं, वर्गात नाही. मी घरात अनवाणी फिरायचे. आजी दर वेळी 'इखा, सर्दी होईल' म्हणत सपाता पुढे सरकवायच्या. इखा म्हणजे मुली, पोरी.

शाकाहारी असाल तर मात्र विचार करा. 'मांस नको' एवढं सांगून भागत नाही. अनेकांच्या मनात मांस म्हणजे मांसाचा तुकडा, त्यात हॅम किंवा टूना धरलेला नसतो. माझ्या मसुराच्या वाटीत पहिल्याच आठवड्यात चोरिसो, म्हणजे डुकराच्या मांसाचं सॉसेज, निघालं. तेव्हापासून 'नी कार्ने, नी पेस्कादो, नी हामोन', म्हणजे ना मांस, ना मासे, ना हॅम, असं पूर्ण सांगायला शिकले. आजींनी मग मनापासून तोर्तिया म्हणजे बटाटा घातलेलं ऑम्लेट, गाजपाचो म्हणजे टोमॅटोचं गार सूप, काबुली चणे घातलेला पालक असं करून घातलं, पण वर्षभर त्यावर काढणं जड जातं.

पिसोत स्वयंपाकघर आपलं. बऱ्याच ठिकाणी काचेची विजेची शेगडी असते, तिच्यावर फुलका थेट आचेवर फुगवता येत नाही. सपाट बुडाचा तवा सोबत न्या. फोडणी देताना खिडकी उघडा आणि सोबतच्यांना आधी सांगा. तेल, साबण, टॉयलेट पेपर यांसाठी सगळे मिळून पैसे ठेवतात, त्याला बोते म्हणतात. पहिल्याच दिवशी त्याचे नियम ठरवून घ्या, पुढची भांडणं टळतात. स्पॅनिश मुलं शनिवार-रविवारी घरी जातात आणि आईनं भरून दिलेले डबे घेऊन परततात. त्यातली एक माझ्यासाठी वेगळा, बिनमांसाचा डबा आणायला लागली, तेव्हा मला पिसो आपला वाटला.

संध्याकाळ पिसोची जास्त मोकळी. ग्रानादात पेय मागवलं की तापा, म्हणजे खाण्याची छोटी बशी, फुकट मिळतो, म्हणून रात्री दहाला चार ठिकाणं फिरत उभ्याउभ्या जेवण होऊन जातं. आजींकडे रात्री एकला दार उघडताना मला संकोच वाटे.

पिसोत एक धोका आहे. सगळे परदेशी विद्यार्थी असतील तर दिवसभर इंग्रजीच चालतं. निदान दोघं स्पॅनिश असावेत. त्यांच्या अंदालुसियन, म्हणजे इथल्या दक्षिण स्पेनच्या, बोलीत शब्दाअखेरचा 'स' गळतो, 'मास ओ मेनोस'चं (कमीजास्त) 'मा ओ मेनो' होतं. थेट पिसोत गेलात तर पहिला महिना हतबल व्हाल. म्हणून थोडंफारच स्पॅनिश येत असेल तर पहिले दोन-तीन महिने कुटुंबात राहा, असं माझं स्पष्ट मत आहे. भाषा चांगली येत असेल आणि पैसे बेताचे असतील तर सरळ पिसो, कारण जेवणासकट कुटुंबाचा खर्च जास्त येतो.

दोन्हीकडे पैसे देण्याआधी एक गोष्ट नक्की विचारा: या पत्त्यावर एम्पाद्रोनामिएंतो, म्हणजे नगरपालिकेतली रहिवासाची नोंद, करू देणार का? सहा महिन्यांहून जास्त राहणाऱ्यांनी आल्यापासून महिन्याभरात परदेशी नागरिकांच्या ओळखपत्रासाठी अर्ज करायचा असतो आणि त्यासाठी बऱ्याचदा ती नोंद मागतात. माझ्या पिसोच्या मालकानं आधी हो म्हटलं आणि अनामत घेतल्यावर नकार दिला. दुसरी खोली शोधण्यात माझे पंधरा दिवस गेले. ती बघायला मी दुपारी गेले, खिडकीचं शटर वर करायला लावलं, आणि खिडकीतून भिंत नव्हे तर आकाश दिसतंय हे पाहूनच हो म्हटलं.