कमाल आठ जण: एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या वाटेवरील फसवणूक

गेल्या ऑक्टोबरात मी आणि माझी थोरली बहीण नेपाळमधील एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या ट्रेकला गेलो होतो. ज्या कंपनीकडे नोंदणी केली होती, तिच्या माहितीपत्रकात ‘जबाबदार पर्यटन’ हे शब्द पाच ठिकाणी छापलेले होते आणि त्यांच्या आधाराला तीन ठोस आश्वासने होती. गटात कमाल आठ जण असतील, नामचे आणि डिंगबोचे या दोन्ही ठिकाणी उंचीशी जुळवून घेण्यासाठी एकेक जादा मुक्काम मिळेल आणि कोणत्याही हमालाच्या पाठीवर वीस किलोंपेक्षा अधिक ओझे दिले जाणार नाही. यांपैकी नामचेचा मुक्काम सोडला तर काहीही पाळले गेले नाही. हे लिहिण्याचे कारण मात्र थोडे वेगळे आहे. ही आश्वासने पाळली जाणार नाहीत हे निघण्याच्या तीन आठवडे आधी आमच्याच हाती आलेल्या कागदांवरून कळू शकले असते, परंतु ते कागद एकमेकांशी ताडून पाहण्याचे आम्हांला सुचले नाही.

कार्यक्रमपत्रिकेनुसार, जेथून चालायला सुरुवात होते त्या लुक्लाच्या विमानतळावर उतरण्याचा पहिला दिवस धरून बाराव्या दिवशी परतीचे विमान होते. ईमेलने आलेल्या तिकिटावर मात्र अकराव्या दिवसाची तारीख होती. म्हणजे एक मुक्काम कापण्याचा निर्णय तिकीट काढतानाच झालेला होता. त्याच तिकिटावर विमान काठमांडूहून नव्हे, तर रामेछाप जिल्ह्यातील मंथली येथून सुटणार असल्याचेही स्पष्ट छापलेले होते. गर्दीच्या हंगामात लुक्लाची बरीचशी उड्डाणे मंथलीला हलवली जातात आणि त्यासाठी काठमांडूहून मध्यरात्रीनंतर गाडीने निघून चार-पाच तासांचा घाटरस्ता पार करावा लागतो. ही त्या धंद्यातील प्रत्येकाला ठाऊक असलेली गोष्ट आहे, तरीही माहितीपत्रकात ‘काठमांडूहून थेट उड्डाण’ असेच होते. मी तिकिटावर आमची नावे नीट लिहिली आहेत ना, एवढेच पाहिले आणि फाइल बंद केली.

मंथलीच्या विमानतळावर आमच्या आठ जणांचे एकोणीस झाले. उरलेले अकरा जण आणखी दोन कंपन्यांकडे पैसे भरून आले होते, त्यांच्यापैकी काहींना ‘कमाल दहा’ तर काहींना ‘कमाल बारा’ असे सांगण्यात आले होते आणि या सर्वांना मिळून एक गाइड व एक सहायक होता. पुढे चालताना गाइडशी बोलणे झाले तेव्हा उलगडा झाला. आमची कंपनी स्वतः ट्रेक चालवतच नव्हती. ती जागा विकून ग्राहक काठमांडूतील एका व्यावसायिकाच्या हवाली करत होती आणि गाइडच्या सांगण्यावर विश्वास ठेवायचा तर आम्ही भरलेल्या रकमेचा जेमतेम तिसरा हिस्सा प्रत्यक्ष ट्रेक चालवणाऱ्याच्या हाती पडत होता. एवढ्या पैशांत विमान, लॉज आणि परवाने यांचा खर्च टळत नाही. टाळता येतो तो एखादा मुक्काम, एखादा सहायक आणि हमालांची संख्या.

परवान्यांचे उदाहरण रकमेने किरकोळ आहे, पण माझा संशय पक्का झाला तो त्यामुळेच. मोंजो येथे सगरमाथा राष्ट्रीय उद्यानाच्या प्रवेशद्वारी दरांचा फलक आहे. सार्क देशांच्या नागरिकांना १,५०० नेपाळी रुपये आणि इतर परदेशी नागरिकांना ३,००० नेपाळी रुपये, शिवाय दोन्हींवर तेरा टक्के कर. आमच्या पावतीत प्रत्येकी ३,००० रुपयांचा दर लावून वसुली झालेली होती, आणि खिडकीवर आमच्या भारतीय पासपोर्टांवर अर्थातच १,५०० रुपयांचाच परवाना काढण्यात आला. गाइडला विचारले, तर तो हसून म्हणाला की हिशेब वरचे लोक ठेवतात.

नामचेला ३,४४० मीटर उंचीवर ठरल्याप्रमाणे दोन रात्री मिळाल्या. तेथील लॉजच्या मागच्या अंगणात सामान तोलण्याचा आकड्याचा काटा टांगलेला होता. आमच्या बॅगा वाहणारा एकोणीस वर्षांचा मुलगा तेथेच ओझे बांधत बसला होता. एकावर एक तीन डफल बॅगा, त्यांना दोरीचे वेढे, आणि ओझे पेलण्यासाठी कपाळावर घ्यायचा पट्टा, म्हणजे नाम्लो. मी त्याच्या परवानगीने ते ओझे काट्याला लावले तेव्हा काटा सत्तेचाळीस किलोंवर थांबला. त्याचे स्वतःचे सामान एका प्लॅस्टिकच्या पिशवीत होते आणि हातमोजे नव्हते. नेपाळमधील ट्रेकिंगमध्ये हमालासाठी तीस किलोंची मर्यादा सर्वसाधारणपणे मानली जाते, त्यामुळे माहितीपत्रकातील वीस किलोंचा आकडा केवळ आमच्यासारख्यांना बरे वाटावे म्हणून घातलेला होता, हे तेव्हा लक्षात आले. दोघांमागे एक हमाल देण्याऐवजी तिघांमागे एक दिला की एका माणसाची पूर्ण मजुरी वाचते. आम्ही बहिणी त्या दिवशी आठ किलो सामान लॉजवर ठेवून निघालो. त्याने फार काही साधले असे मी म्हणणार नाही.

कापलेल्या मुक्कामाची किंमत डिंगबोचेला कळली. तीन हजार मीटरच्या वर रात्रीच्या मुक्कामाची उंची एका दिवसात साधारण पाचशे मीटरपेक्षा अधिक वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक जादा रात्र त्याच उंचीवर काढावी, असा वैद्यकीय संकेत आहे. तेंगबोचेच्या ३,८६० मीटरवरून डिंगबोचेच्या ४,४१० मीटरवर येताना तो आधीच थोडा ओलांडलेला होता. त्या रात्री जेवणाच्या टेबलाशी गाइडने दुसऱ्याच सकाळी ४,९४० मीटरवरील लोबुचेला निघायचे असल्याचे जाहीर केले आणि कारण विचारताच परतीच्या तिकिटाची तारीख पुढे केली. सकाळी ताईचे डोके ठणकत होते, दोनदा उलटी झाली आणि चहाचा वासही तिला सोसवेना. गाइडचा पहिला प्रश्न तिच्या प्रकृतीविषयी नव्हता. विमा कोणत्या कंपनीचा आहे, हे त्याने विचारले आणि हेलिकॉप्टर अर्ध्या तासात येते, तुम्हांला एक रुपयाही पडणार नाही, असे सांगितले.

येथे थोडे थांबून सांगायला हवे. गरज नसताना हेलिकॉप्टर बोलावून विमा कंपन्यांकडून पैसे उकळण्याचा प्रकार नेपाळमध्ये इतका बोकाळला होता, की २०१८ मध्ये तेथील सरकारला चौकशी समिती नेमावी लागली होती. मला हे वाचून माहीत होते म्हणून मी विम्याच्या कागदावरील मदत क्रमांकावर स्वतः फोन केला आणि ताईला घेऊन पलीकडच्या फेरिचेला गेले. तेथे हंगामात हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचा दवाखाना चालतो. ही संस्था १९७३ पासून या भागात काम करते. डॉक्टरांनी तपासून सांगितले की हा उंचीचा सौम्य त्रास आहे, वर मुळीच जाऊ नये, खाली उतरल्यास आराम पडेल. आम्ही पायीच पांगबोचेला उतरलो. दुसऱ्या दिवशी सकाळी ताईने दोन वाट्या सूप मागून घेतले. तिची अवस्था गंभीर असती तर हेलिकॉप्टरच योग्य ठरले असते, म्हणून असा त्रास अंगावर काढावा असा याचा अर्थ कोणीही घेऊ नये. परंतु तो निर्णय डॉक्टरांनी घ्यायचा असतो आणि आमच्या गाइडला त्यात दलाली दिसत असावी, असे माझे मत आहे.

आमच्याबरोबर खाली उतरला तो केवळ तो हमाल मुलगा. लुक्लाला मजुरीचा हिशेब झाला तेव्हा ‘गटाबरोबर वर गेला नाही’ म्हणून त्याचे दोन दिवस कापण्यात आले. त्याच्या विम्याचा कागद दाखवा म्हटले, तर तो काठमांडूच्या कार्यालयात असल्याचे उत्तर मिळाले आणि काठमांडूच्या कार्यालयाने तो गाइडकडे असल्याचे सांगितले. गाइड सर्वांकडून एका लिफाफ्यात बक्षिसी गोळा करत होता. आम्ही त्यात काहीही न टाकता कापलेले दोन दिवस आणि बक्षिसी त्या मुलाच्या हातात दिली.

परतल्यावर कंपनीला सविस्तर पत्र लिहिले. उत्तर आले ते असे, की हवामानामुळे कार्यक्रम बदलण्याचा अधिकार कंपनी राखून ठेवते. त्या आठवड्यात आकाश निरभ्र होते आणि माझ्याकडे दररोजची छायाचित्रे आहेत. दुसऱ्या पत्रानंतर पुढच्या ट्रेकवर दहा टक्के सवलत देऊ करण्यात आली, अट एवढीच की हा अनुभव कोठेही लिहू नये. आता तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाखल आहे. २०१९ च्या कायद्यामुळे ती आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते आणि घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते. जोडलेल्या कागदांत सर्वांत उपयोगी ठरलेले दोनच आहेत, कार्यक्रमपत्रिका आणि ते विमानाचे तिकीट. पैसे कंपनीच्या नव्हे, तर एका व्यक्तीच्या खात्यावर भरून घेतले होते, यावर वकिलांनी मला बरेच सुनावले, आणि ते योग्यच होते.

पुढे कोणाशी बोलणी चालू असतील तर ट्रेक प्रत्यक्ष कोण चालवणार त्याचे नाव व नोंदणी, आपल्या तारखेला एकूण किती जण आणि किती हमाल, आणि हमालांच्या विम्याची प्रत, एवढे पैसे भरण्याआधी लेखी मागून घ्यावे. आमच्या कंपनीच्या या हंगामाच्या जाहिरातीत मोंजोच्या प्रवेशद्वारासमोरचे आमच्याच गटाचे छायाचित्र आहे. ते दोन्ही बाजूंनी कापलेले आहे आणि त्यात आठ जण दिसतात.