कोल्हापूरच्या उद्यमनगरातले डेंटर मिस्त्री: स्विफ्टचे फेंडर रोल करून घेतले, त्याचा अनुभव

माझी स्विफ्ट 2009 ची, व्हीएक्सआय, सेकंडहँड घेतलेली. घेतली तेव्हा टायर 185/70 आर 14. दिवाळीत 15 इंची अलॉय घेतले आणि त्यावर 195/60 आर 15 चढवले. टायरचा व्यास जवळपास तेवढाच राहतो, जुना 614.6 मिमी आणि नवा 615, त्यामुळे स्पीडोमीटरची काळजी नव्हती. अडचण आली रुंदीची. नवं रिम एक इंचानं रुंद, म्हणजे दोन्ही अंगांना 12.7 मिमी वाढलं. त्यात ऑफसेट (रिमच्या मध्यापासून चाक गाडीला टेकतं त्या तोंडापर्यंतचं मिमीतलं अंतर, ते कमी झालं की चाक बाहेर येतं) 45 चा 35 झाला, आणखी 10 मिमी बाहेर. चाक एकूण पावणेतेवीस मिमी बाहेर आलं.

एकटा चालवताना काहीच जाणवलं नाही. रविवारी आई-बाबा आणि बायको-पोरगा, सगळी घेऊन कागलकडं निघालो आणि पहिल्याच स्पीडब्रेकरला मागून खर्रकन आवाज. उतरून बघितलं तर टायरच्या खांद्यावर गोल रेघ ओढल्यासारखी, बोट फिरवलं की रबराचा भुगा हाताला लागत होता. घाटात, भरल्या गाडीत असं होत राहिलं तर टायर फुटू शकतो. त्या दिवशी तिथूनच परत आलो.

फेंडरच्या, म्हणजे चाकावरच्या कमानीच्या, कडेला पत्रा आतल्या बाजूला दुमडलेला असतो. टायर लागतो तो त्या दुमडीला. ती वर, आतल्या अंगाला चपटी दाबून बसवायची, एवढंच हे काम. पण एवढंच म्हणून कुणाच्याही हातात देऊ नका. मी आधी एका दुकानात गेलो होतो. तिथल्या पोरानं टायर आणि पत्रा यांच्यामधे लोखंडी पाईप घातला आणि गाडी ढकलायला लावली. पत्रा गार, रंग गार. पुढच्या डाव्या फेंडरच्या कडेचा रंग तडतड उडाला आणि वरच्या पत्र्याला लाट आली. मी तिथंच काम थांबवलं.

मग कंपनीतल्या एकानं शिवाजी उद्यमनगरातल्या या मिस्त्रींकडं पाठवलं. मी शिरोलीला मशीन शॉपला आहे, दिवसभर मायक्रोमीटर हातात असतो, त्यामुळं माणूस मापाला कसा हात घालतो हे मला लगेच दिसतं. मिस्त्रींनी पहिल्या दिवशी हत्यारच उचललं नाही. टायरच्या खांद्यांवर खडू फासला, डिकीत वाळूच्या दोन गोण्या टाकल्या, मागच्या सीटवर दुकानातली दोन पोरं बसवली आणि स्वतः शेजारी बसून मला राजारामपुरीपर्यंत खड्ड्याखड्ड्यांतून फिरवून आणलं. परत आल्यावर खडू कुठं पुसलाय ते बॅटरीच्या उजेडात बघितलं. मागं दोन्ही बाजूंना वरच्या भागात, पुढं फक्त पूर्ण वळवल्यावर, बंपर आणि फेंडरच्या सांध्यावरच्या स्क्रूपाशी. म्हणाले, "पुढं दुमड दाबायची गरजच नाही दादा. स्क्रू सरकवतो, आतला प्लास्टिकचा लायनर गरम करून मागं दाबतो. विनाकारण पत्रा कशाला दुखवायचा?"

पाईपवाल्यानं जिथून सुरुवात केली होती, तिथं कामच नव्हतं.

मागचं काम दुसऱ्या दिवशी. चाक काढून हबच्या, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाच्या, बोल्टांवर रोलरचा दांडा बसवला. एका हातात हीट गन. रंग तापवायचा, हाताच्या उलट्या बाजूनं अंदाज घ्यायचा, मग रोलर कमानीवरून संथ फिरवायचा. कोन एकदम वाढवायचा नाही. एका फेरीत दुमड जेमतेम हलते. मी मोजल्या, उजव्या बाजूला चौदा फेऱ्या झाल्या. मधे एकदा पत्र्यातून बारीक "टिक" आवाज आला तसा त्यांनी हात उचलला, परत तापवलं, मगच पुढं. रंगाला एक चीर नाही.

डाव्या मागच्या बाजूला त्यांनी आधी चुंबक फिरवलं. एका ठिकाणी चिकटेना. आत पुटी (पत्र्याचा खड्डा बुजवायचा लेप) भरलेली, म्हणजे आधीच्या मालकानं गाडी कुठंतरी घासली होती. "ही रोल केली तर पुटी फुटणार. खरवडून, पत्रा सरळ करून, परत रंगवावं लागेल. करायचं का बोला." खर्च वाढणार हे त्यांनी आधी सांगितलं, काम उघडून ठेवल्यावर नाही. मी हो म्हटलं.

आणि हे नीट वाचा. पुढचा फेंडर सुटा, बोल्टवर बसवलेला असतो. मागं मात्र बाहेरचा आणि आतला पत्रा कडेला वेल्ड केलेला असतो, वर सांधा बुजवणारं सीलर असतं. दुमड दाबली की ते सीलर तुटतं. तिथं पाणी गेलं की पत्रा आतून सडतो, बाहेरून फोड दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. मिस्त्रींनी दोन्ही बाजूंना नवीन सीलर भरलं, वाळल्यावर अंडरबॉडी कोटिंग मारलं. गगनबावड्याचा पाऊस ज्यांनी अंगावर घेतलाय त्यांना याची किंमत कळेल. तुम्ही कुठंही काम करून घ्या, पण सीलरचं विचारल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नका.

फेंडर बाहेर ओढून आणखी रुंद टायर बसतील का, हेही मी विचारलं. सरळ नाही म्हणाले. त्यांचं बरोबरच आहे. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे आरसीवरच्या मूळ तपशिलाशी न जुळणारे बदल चालत नाहीत, सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी 2019 मध्ये तेच सांगितलंय. टायरचं मापही बदलण्याआधी आरटीओत आणि विमावाल्याकडं विचारून घ्या.

खर्च: रोलिंग, लायनर आणि सीलर मिळून 4,500 रुपये, डाव्या बाजूची पुटी-रंग 3,800, पुढच्या फेंडरची लाट काढून कडेला रंग 2,200. जाता जाता अलॉयच्या मधल्या मोठ्या भोकात 54.1 मिमीच्या हब रिंगही (भोक आणि हब यांच्यातली फट भरणाऱ्या कड्या) बसवून दिल्या, ऐंशीच्या पुढं स्टिअरिंग थरथरायचं ते थांबलं. त्याचे फक्त रिंगचे पैसे घेतले.

नावडलेल्या गोष्टीही सांगतो. दोन दिवस म्हणाले, चार लागले. फोन उचलत नाहीत. पक्कं बिल मागून घ्यावं लागलं. डाव्या बाजूच्या रंगाची छटा उन्हात किंचित वेगळी दिसते, मला दिसते, घरच्यांना नाही. तरी पुढची गाडी मी त्यांच्याकडंच नेणार.

गेल्या आठवड्यात पाच माणसं, सामान घेऊन करूळ घाट उतरून कणकवलीला जाऊन आलो. निघताना टायरना खडू फासला होता. घरी येऊन बघितलं, खांद्याच्या कडेला जसाच्या तसा होता.

मिस्त्रींना नाव-नंबर कुठं टाकलेला आवडत नाही, म्हणून इथं देत नाही. उद्यमनगरात फेंडर रोल करणाऱ्या मिस्त्रींचं विचारा, कुणीही दाखवेल. चाकं बसवूनच जा, नुसती मापं सांगू नका. सकाळी लवकर जा. सोमवारी बंद.