वडिलांच्या निगेटिव्हपासून छापील अल्बमपर्यंत: जुन्या नाशकातील एका फोटो लॅबचा अनुभव

गेल्या दिवाळीनंतर पंचवटीतील आमचे जुने घर आवरताना वडिलांच्या कपाटात बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा सापडला. त्यात निगेटिव्हच्या साठ-सत्तर पट्ट्या होत्या आणि डब्याखाली चिकट पानांचे दोन अल्बम होते. वडिलांनी याशिकाच्या कॅमेऱ्याने पंधरा-वीस वर्षे प्रवासातले फोटो काढले. त्यातील निवडक फोटोंचा एक चांगला छापील अल्बम आईसाठी करून घ्यावा, या हेतूने मी हे सर्व जुन्या नाशकातील एका फोटो लॅबकडे सोपवले. लॅबचे नाव येथे देत नाही, कारण पुढे काही चुकाही सांगायच्या आहेत आणि त्या चुका अशा कामात कोठेही होऊ शकतात.

आधी व्यवहाराचे सांगते. स्कॅनिंगला प्रत्येक फ्रेममागे २० रुपये पडले, चाळीस पानांच्या अल्बमला ३,२०० रुपये लागले आणि सर्व काम अठरा दिवसांत पूर्ण झाले. मूळ निगेटिव्ह जशा दिल्या होत्या तशाच, उलट नव्या पाकिटांत घालून परत मिळाल्या.

या लॅबचे सर्वांत चांगले काम चिकट पानांवरच्या फोटोंचे झाले. १९८० आणि ९० च्या दशकांत घरोघरी असलेल्या या अल्बमच्या पानांवर गोंदाच्या रेघा असतात, कालांतराने त्या पिवळ्या पडतात आणि फोटो पानाला असा धरून बसतो की ओढला तर कोपरा फाटलाच म्हणून समजावे. लॅबच्या चालकांनी घाई न करता बारीक दोरा फोटो आणि पान यांच्या मधून करवतीसारखा हळूहळू सरकवत एकेक फोटो सोडवला. जे दोन फोटो सुटेनात, ते त्यांनी पानासकट स्कॅन केले. त्या एका दुपारी माझा या माणसांवर विश्वास बसला.

सुटलेल्या फोटोंच्या पाठीमागे वडिलांचे अक्षर निघाले. रामकुंडावरील एका फोटोमागे बॉलपेनने लिहिले होते, ‘पूर. मारुतीच्या कमरेपर्यंत.’ नाशिककराला याहून अधिक सांगावे लागत नाही, कारण गोदावरीचे पाणी किती चढले हे आपण आजही दुतोंड्या मारुतीच्या अंगावरूनच मोजतो. परंतु फोटोत मूर्ती एका कडेला अर्धवट आली आहे आणि पाठीमागची ती ओळ नसती, तर तो फोटो केवळ गढूळ पाण्याचा ठरला असता. मी पाठीमागचा मजकूरही स्कॅन करण्यास सांगितले, तेव्हा चालक म्हणाले, “ताई, हे कोणी सांगतच नाही.” त्यांनी त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत. माझे आग्रहाचे म्हणणे असे की, असे काम देणाऱ्या प्रत्येकाने हे सांगावे आणि लॅबनेही ते आपणहून विचारावे.

स्कॅनिंगचा दर्जा ठरवून घ्यावा लागतो. ३५ मिमी रोलची एक फ्रेम २४ बाय ३६ मिमी असते. ती २४०० डीपीआयने, म्हणजे इंचाला २४०० ठिपके या प्रमाणात, स्कॅन केली, तर साधारण ३४०० बाय २२७० पिक्सेलची फाइल मिळते आणि ३०० डीपीआयने छापल्यास सुमारे ११ बाय साडेसात इंचांपर्यंत ती स्पष्ट राहते. लॅबने हे प्रमाण नीट पाळले. याउलट हरिहर गडाच्या कातळपायऱ्यांवरचा माझ्या भावाचा फोटो व्हॉट्सॲपवरून आलेला होता, त्याची लांब बाजू जेमतेम १६०० पिक्सेल होती आणि पूर्ण पानभर छापल्यावर पायऱ्यांच्या कडा विरघळल्यासारख्या दिसतात. ही चूक माझी होती, पण फाइल लहान आहे एवढे छापण्यापूर्वी कळवणे लॅबला सहज शक्य होते.

आता हंपी. विठ्ठल मंदिराच्या आवारातील दगडी रथासमोर आई उभी आहे, असा फोटो छापून आला आणि मला त्यात काही खटकत राहिले. आईने मात्र पाहताक्षणी सांगितले, “माझा पदर उजव्या खांद्यावर कसा?” निगेटिव्हची चकचकीत आणि मंद बाजू यांची अदलाबदल होऊन स्कॅन उलटा झाला होता. फोटोत एखादी पाटी असती तर उलट्या अक्षरांवरून ही चूक आधीच उघडी पडली असती, पण रथाला डावे-उजवे कोण पाहतो? त्या पानाच्या निमित्ताने आईने पुन्हा एकदा सांगितले की, त्या मंदिराच्या रिकाम्या गाभाऱ्यापुढे वडिलांनी तिला भानुदासांची कथा ऐकवली होती. विजयनगरला नेलेला विठोबा एकनाथांच्या या पणजोबांनी पंढरीस परत आणला, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. वडील त्या गाभाऱ्यासमोर बराच वेळ हात जोडून उभे होते, त्याचा फोटो नाही. ते पान लॅबने विनातक्रार, विनामूल्य पुन्हा छापून दिले.

कन्याकुमारीच्या बाबतीत मात्र माझे समाधान झाले नाही. सूर्यास्तासाठी वडिलांनी छत्तीस फ्रेमच्या रोलमधील शेवटच्या दोन फ्रेम दिवसभर राखून ठेवल्या होत्या आणि त्यात आकाश, समुद्र, आईचा चेहरा, सारेच नारिंगी झाले होते. सॉफ्टवेअरच्या ऑटो करेक्शनने तो नारिंगी रंग दोष समजून काढून टाकला आणि संध्याकाळची दुपार झाली. तक्रार केल्यावर ‘आता स्किन टोन नैसर्गिक आला आहे’ असे उत्तर मिळाले, ते मला मान्य नाही. छपाईपूर्वी पाठवलेला प्रूफ मोबाइलच्या लहान पडद्यावर होता, त्यात हा फरक लक्षात आला नाही. म्हणून प्रूफ दुकानात जाऊन मोठ्या पडद्यावर, मूळ प्रिंट हातात धरून पाहावा. लग्नसराईत मात्र तेवढा वेळ तेथे कोणी देऊ शकणार नाही.

कागद, बांधणी आणि सपाट उघडणारी पाने उत्तम आहेत. नाशकात या कामासाठी मी याच लॅबची शिफारस करीन. ब्रह्मगिरीवरील पहाटेच्या सात पट्ट्या अजून माझ्याकडेच आहेत. ऑटो करेक्शन बंद ठेवून एक फ्रेम नमुन्यादाखल करून द्या, ती आईला दाखवून मगच उरलेल्या देईन, असे मी लॅबला सांगून ठेवले आहे.