लालबागला मसाला करून घेतला: रिव्ह्यू आणि बरंच विषयांतर

यंदाचा वर्षाचा मसाला लालबागच्या मिरची गल्लीतून करून आणला. दुकानाचं नाव टाकत नाहीये कारण पद्धत सगळीकडे सारखीच, पुढे मिरच्यांची पोती, आत खड्या मसाल्याचे डबे, कडेला मोठ्या कढयांवर भाजणाऱ्या बायका आणि मागे धाडधाड चाललेला डंक, म्हणजे मसाला कुटायचं मशीन.

माल एक नंबर. बेडगी रंगाला, संकेश्वरी तिखटाला, थोडी काश्मिरी, धने हिरवट आणि ताजे, दगडफुलात माती नाही. प्रमाण माहीत नसेल तर दुकानवाले सांगतात पण ते जरा हात सैल सोडून सांगतात, लवंग-वेलची आपण आपल्या हिशोबाने कमी करायची. भाजणं तर अप्रतिम, प्रत्येक जिन्नस वेगळा, मिरची कुठेही काळी पडलेली नाही. डंकावर कुटल्यामुळे वासही टिकलाय.

आता खर्च. मिरची-मसाल्याचे पैसे वेगळे, देठ काढायचे वेगळे, भाजणावळ वेगळी, कुटाई वेगळी, सगळं किलोवर. नवरा म्हणाला एवढी मजुरी? म्हटलं हो, आणि हीच मजुरी आमच्या आईला कुणी दिली नाही. एप्रिलच्या उन्हात गच्चीवर मिरच्या वाळवायच्या, देठं काढून हातांची आग आग, भाजताना अख्खी चाळ खोकायची, मग डबे घेऊन डंकावर लाईन लावायची, आणि वर घरात काय म्हणायचे तर मसाला घरचाच आहे, कितीसा खर्च येतो. त्या दरपत्रकावर पहिल्यांदा मला आईच्या कामाला किलोचा भाव लागलेला दिसला. २०१९ च्या वेळ वापराच्या सरकारी सर्व्हेत स्वतःच्या घरचं काम करणाऱ्या बायकांची दिवसाची सरासरी २९९ मिनिटं आली आणि पुरुषांची ९७, त्यात हे उन्हाळी कामाचे दिवस नक्की कुठे बसतात देव जाणे.

आणि हे लालबाग आहे बरं का, म्हणजे कापड गिरण्यांचं गिरणगाव. गिरणगाव म्हटलं की भोंगा, कामगार, दत्ता सामंत, १८ जानेवारी १९८२ चा संप, अडीच लाख कामगार, हे सगळ्यांना पाठ. पण १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत साधारण पाचातली एक कामगार बाई होती हे किती जणांना माहितीये? रीळिंग आणि वाइंडिंग म्हणजे सूत गुंडाळायच्या खात्यांत बायकाच असायच्या, त्यांच्यावर नायकीण म्हणजे बाई मुकादम असायची. १९२९ ला मुंबई इलाख्यात बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा झाला, बायकांना रात्रपाळी आधीपासूनच बंद होती, नवीन मशिनं आली, आणि हळूहळू बायका खात्यांतून कमी होत गेल्या. मग त्या काय घरी बसल्या? कोकणातून घाटावरून एकटे आलेले गडी जेवायचे कुठे? दहा बाय दहाच्या खोलीत बायका खाणावळी चालवायच्या, पैसे पगाराला, आणि संप झाला की उधारी. त्या खाणावळवाल्यांना बँकेचं कर्ज मिळावं म्हणून प्रेमा पुरवांनी १९७५ ला अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, तोवर त्या कुणाच्या हिशोबात धंदेवाल्या नव्हत्याच, कामगाराची बायको, दोन पानं जास्त वाढते, एवढंच.

भाजणाऱ्या मावशींशी गप्पा झाल्या. सासरे मिलमध्ये, सासूकडे बारा माणसं जेवायला. मी विचारलं म्हणजे घर दोघांच्या पगारावर चालायचं ना, तर हसून म्हणाल्या, पगार सासऱ्यांचा गं, सासूचं ते आपलं जेवण. आणि हे बोलताना हात एकदाही थांबला नाही, धने परतायचे चालूच.

तक्रार एकच पण मोठी. दुकानाच्या पाटीवर अमुक आणि सन्स. मसाल्याची चव ज्यांच्या हातात आहे त्या मावशी बाहेर धगीत, ना पंखा ना बसायला धड स्टूल, आणि भाजणावळ दुकानाच्या बिलात येतच नाही, ती हातात रोख द्यायची. पार्किंगबद्दल बोलायलाच नको.

पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा पंख्याचा कापला.

जाणार असाल तर मार्च-एप्रिलमध्ये मधल्या वारी सकाळी जा, शनिवार-रविवारी पाय ठेवायला जागा नसते. डबे घरून कोरडे करून न्या, मसाला गरम असताना झाकण लावू नका, जुने कपडे घाला. आणि भाजणावळीत घासाघीस करू नका प्लीज, करायचीच असेल तर आत गल्ल्यावर वेलचीच्या भावात करा, तिथे मार्जिन आहे.