हापूस, रत्ना की सिंधू? नवी कलमं लावण्याआधी

कोकणात आंब्याची कलमं लावायला निघालेल्या माणसाने या तीन जाती शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात, कारण त्यांचं नातं अगदी जवळचं आहे. रत्ना हा नीलम या जातीचा आणि हापूसचा संकर, वेंगुर्ल्याच्या प्रादेशिक फळ संशोधन केंद्रातून १९८१ साली आलेला. सिंधू हा रत्नाचा पुन्हा हापूसशी केलेला संकर, १९९२ चा. म्हणजे सिंधूत सरासरीने तीन चतुर्थांश हापूसच आहे. तरीही बागेत आणि बाजारात तिघांचं वागणं वेगवेगळं.

हापूसची बाजू सांगायला फार शब्द लागत नाहीत. तो वास, तो केशरी गर आणि डबाबंद केल्यावरही टिकणारा स्वाद दुसऱ्या कुठल्या जातीत एकत्र सापडत नाही. शिवाय २०१८ पासून पालघर, ठाणे, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या पाच जिल्ह्यांच्या हापूसला भौगोलिक मानांकन आहे. भाव त्याच्या नावाला मिळतो, आणि रत्ना कितीही देखणा असला तरी हापूस म्हणून विकता येत नाही.

हापूसचे दोष दोन, आणि दोन्ही खिशाला लागणारे. पहिला वर्षाआड फळण्याचा. दुसरा साक्याचा. साका बाहेरून कळत नाही. साल सोन्यासारखी असते, पण कापल्यावर कोयीभोवतीचा गर पांढरट, भुसभुशीत आणि आंबूस निघतो. फळ झाडावर जास्त तयार झालं की कोयीतलं बी रुजण्याच्या तयारीला लागतं, आणि त्यातून भोवतालच्या गराची घडण बिघडते. तापलेल्या कातळावरून परावर्तित होणारी उष्णता त्यात भर घालते. म्हणून फळ चौदा आणे तयार असताना, सकाळच्या गारव्यात, देठासकट काढावं, लगेच सावलीत न्यावं आणि झाडाखाली पालापाचोळ्याचं आच्छादन ठेवावं. पारख करायची तर आधी साध्या पाण्यात टाकावं. तरंगलं तर अजून कोवळं. बुडालेली फळं मग अडीच टक्के मिठाच्या पाण्यात टाकावीत, म्हणजे दहा लिटरला पाव किलो मीठ. त्यातही तळाशी जाईल त्या फळात साक्याचा धोका जास्त, ते लांबच्या पेटीत भरू नये.

रत्नात साका नाही, आणि याचं कारण पैदाशीत आहे. साका हा अप्रभावी गुण मानला जातो. तो दिसायला आई आणि बाप दोघांकडून यावा लागतो, आणि नीलमकडे तो नाही. म्हणून पहिल्याच पिढीत तो मागे पडला. सिंधूत हापूसचं रक्त दुसऱ्यांदा आलं, तेव्हा साका परत यायची शक्यता होती. सारा खेळ एकाच जनुकाचा धरला, तर अशा संकराची निम्मी रोपं साक्याची निघतील आणि निम्मी मोकळी. सिंधू मोकळ्यांतली निवड आहे.

मात्र एकाच आईबापाची सगळी पोरं सारखी नसतात. कोकण रुची हीसुद्धा नीलम आणि हापूसचीच संकरित जात, १९९९ ची. पण तिचं फळ मोठं, जाड सालीचं, आंबट आणि लोणच्याचं. आंब्याच्या प्रत्येक जातीत जनुकांच्या जोड्या इतक्या मिसळलेल्या आहेत की संकराचं प्रत्येक रोप वेगळं निघतं. हापूसची कोय लावून हापूस मिळत नाही, तेही यामुळेच. त्यात एका मोहोरावर शेकडो फुलं असली तरी हाताने परागीकरण केलेली बहुतेक फळं गळून जातात. चांगला संकर म्हणूनच दुर्मीळ असतो.

रत्ना हापूसपेक्षा लवकर आणि बहुतेक दरवर्षी फळतो. फळ वजनदार, गर बिनरेषांचा. वास हापूसपेक्षा कमी, हे मान्य करूनच तो लावावा. सिंधूचं वैशिष्ट्य कोय. ती इतकी पातळ आणि हलकी की फळ जवळजवळ सगळंच गराचं, पण आकार हापूसहून लहान. घरच्या खाण्यासाठी आणि पुढच्या पैदाशीसाठी सिंधू मोलाची आहे. पेट्या भरून विकणाऱ्याने मात्र सगळी बाग तिची करू नये, असं आमचं स्पष्ट मत.

मग किती काय लावावं? १० बाय १० मीटरवर हेक्टरी १०० कलमं बसतात. मानांकनाच्या पट्ट्यात त्यांतली ७५ ते ८० हापूस, १५ ते २० रत्ना आणि उरलेली सिंधू किंवा केसर ठेवावीत. रत्ना एका कडेला न लावता हापूसच्या ओळींमध्ये विखुरलेला हवा. परपराग, म्हणजे दुसऱ्या जातीचा पराग, मिळाला की हापूसची फळधारणा सुधारते, आणि माश्या पराग फार लांब नेत नाहीत. लावणीच्या दिवशीच जातवार नकाशा काढून ठेवा, नाहीतर पुढे काढणीत पेट्या मिसळतात. मराठवाड्यात किंवा देशावर बाग असेल तर हा हिशेबच बदलतो. तिथे केसर घ्यावा, कारण हापूसचा खरा गुण किनाऱ्याच्या हवेत उतरतो.

हापूसला दरवर्षी फळवायचं तर पॅक्लोब्युट्राझोल (कल्टार) हे झाडाची वाढ रोखणारं संजीवक लागतं. १५ जुलै ते १५ ऑगस्टदरम्यान, झाडाच्या विस्ताराच्या दर मीटर व्यासाला ३ मिली, पाण्यात मिसळून विस्ताराखाली १० ते १२ सेंटिमीटर खोल पाडलेल्या २५ ते ३० भोकांत. अशक्त झाडाला ते देऊ नये, आणि दिलं तर खत वाढवावं, नाहीतर झाड खंगतं. हा खर्च आणि जोखीम रत्नाला सहसा नाही. दोघांचा भाव तोलताना ही बाजू विसरली जाते.

शेवटचं, जुन्या रायवळांविषयी, म्हणजे कोयीपासून वाढलेल्या गावठी आंब्यांविषयी. कलमाने वाढलेला हापूस मुळात एकसारखाच राहतो. करपा, तुडतुडे किंवा फुलकिडे सहन करणारा एखादा गुण हवा झाला, तर तो रायवळांतून किंवा गोव्याच्या मानकुराद, मुसरादसारख्या जातींतूनच शोधावा लागेल. बागेसाठी जागा मोकळी करताना चांगल्या फळाचं रायवळ तोडायचं ठरलंच, तर आधी तीन-चार महिन्यांच्या फांदीची १० ते १५ सेंटिमीटरची काडी निवडा, पानं देठ ठेवून आठ दिवस आधी छाटा, आणि पावसाच्या सुरुवातीला १० ते १५ दिवसांच्या कोयीच्या रोपावर कोय कलम बांधून घ्या.