वर्षभराची मुदत आणि फुल रेंज: आईची झालेली फसवणूक

दापोली तालुक्यातील आमच्या गावी आई एकटी राहते आणि मोबाईल हाच तिच्याशी संपर्काचा एकमेव मार्ग आहे. पावसाळ्याच्या तोंडावर बाजारपेठेत छत्री लावून सिमकार्ड विकणाऱ्या एकाने, "काकू, तुमच्या वाडीत आमची फुल रेंज आहे," असे म्हणत स्वतःच्या फोनवरच्या काड्या तिला दाखवल्या, तिचा जुना नंबर पोर्ट करून घेतला, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलली, आणि वर्षभराच्या रिचार्जचे पैसे रोख घेतले. पावती दिली नाही.

बाजारात टॉवर समोरच आहे. आमचे घर मात्र डोंगराआड, जांभ्या दगडाच्या जाड भिंतींचे. फोनच्या सेटिंगमध्ये सिमच्या माहितीत सिग्नलचा आकडा डीबीएम या एककात दिसतो आणि तो शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल चांगला. अंगणात तो उणे 98 होता, माजघरात उणे 118, म्हणजे बोलणे तुटणारच. काड्या किती दाखवायच्या हे प्रत्येक फोन बनवणारा आपल्या पद्धतीने ठरवतो, त्यामुळे दुसऱ्याच्या फोनवरून आपल्या घरातली रेंज कळत नाही. त्याच कंपनीचे सिम असलेल्या शेजाऱ्याचा फोन आपल्या माजघरात आणून बोलून पाहणे, हीच खरी परीक्षा.

तक्रार केल्यावर "टॉवरचे काम चालू आहे" असे उत्तर मिळत राहिले. परत जुन्या कंपनीकडे जावे, तर एकदा पोर्ट केलेला नंबर 90 दिवस पुन्हा पोर्ट करता येत नाही, आणि जुन्या सिममधील शिल्लकही बुडालेली. हे त्या माणसाला पक्के ठाऊक असणार, आणि याचीच मला अधिक चीड येते.

गणपतीच्या सुमारास आईचे फोन येणेच थांबले. चौकशीअंती कळले की रिचार्ज 84 दिवसांचाच मारला होता. मुदतीची तारीख सांगणारा कंपनीचा संदेश त्याने "ही जाहिरात आहे" म्हणत तिच्यासमोरच पुसून टाकला होता. घरातील वडीलधाऱ्यांचे रिचार्ज दुसरा कोणी करत असेल, तर तो संदेश तिथेच उघडून तारीख मोठ्याने वाचून घ्यावी आणि पावतीवर दिवसांचा आकडा लिहून घ्यावा.

198 क्रमांकावर तक्रार नोंदवून डॉकेट क्रमांक, म्हणजे तक्रारीचा नोंदणी क्रमांक, घेतला. कंपनीच्या नोंदीत 84 दिवसांचीच रक्कम जमा आहे. उरलेल्या पैशांसाठी आम्ही आता कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे अर्ज केला आहे आणि विक्रेत्याविरुद्ध पोलिसांत लेखी तक्रार दिली आहे.